आदर्श मातेचा खांब

सोहमला एकदाची शिडी मिळू दे, म्हणून नीरजानं डोळे मिटून देवाला साकडं घातलं. देवानं ऐकलं नाही. फाशावर नको तो आकडा पडला आणि सोहमची लाल सोंगटी शिडीला वळसा घालून थेट सापाच्या तोंडात गेली.

"चीटिंग!" सोहम ओरडला. "मम्मी, परत पहिल्यापासून!"

शनिवारची सुट्टी होती. सकाळपासून सापशिडीचा पट उचलला गेला नव्हता, कारण सोहम हरला की डाव नव्यानं मांडायचा, हा त्याच्या आजीनं घालून दिलेला दंडक होता. आपण जिंकू नये म्हणून नीरजानं काय काय केलं! फासा हळूच उलटवून पाहिला, सोंगटी दोन घरं मागं सरकवून पाहिली. पण काही दिवसच असे उगवतात, की माणसाला हरायचं म्हटलं तरी हरता येत नाही.

"नीरजा, संध्याकाळी ती मोरपंखी साडी नेस हो," स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. "सत्कार आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. दुखरी दाढ जशी लक्षात असते तसं.

सासूबाईंचं नाव विजयमाला. घरात सगळे त्यांना आईसाहेब म्हणत. त्यांच्या सासऱ्यांचे आजोबा बडोदे सरकारच्या पागेत होते. पुढं घोडे गेले, पागा गेली, रावपुऱ्यातलं घर विकून मंडळी मांजलपूरच्या फ्लॅटात राहायला आली. पण शिस्त काही मागं राहिली नाही. ती सामानाबरोबर टेम्पोत बसून आली.

रावपुऱ्याच्या गल्लीतल्या देवळात गोकुळाष्टमीचा कीर्तनसप्ताह चालू होता. देऊळ लहानसंच, पण बडोद्यातली जुनी मराठी घरं त्या आठवड्यात तिथं हटकून जमत. यंदा महिला मंडळाच्या अध्यक्षा वसुंधराबाई यांच्या डोक्यात आलं, की सप्ताहात एका 'आदर्श माते'चा सत्कार करायचा. वसुंधराबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या डोक्यात एखादी गोष्ट आली, की ती इतरांच्या डोक्यातून जाईपर्यंत त्या थांबत नसत. आणि त्यांनी नाव काढलं नीरजाचं.

"नोकरी करते, मूल सांभाळते आणि एकही कीर्तन चुकवत नाही," त्या मंडळाच्या बैठकीत म्हणाल्या होत्या. "आपण सगळ्या इकडं तिकडं बघतो, चुळबुळ करतो. ती पोरगी मागच्या खांबाला टेकून डोळे मिटून अशी तल्लीन होते, की आरती लागली तरी तिला भान नसतं!"

भान नसायचं, हे खरंच होतं. कारण नीरजा झोपलेली असायची.

लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या वर्षी ती कीर्तनाला गेली ती सासूबाईंच्या धाकानं. सोहम झाल्यावर मात्र ती स्वतःहून जाऊ लागली. कीर्तनाच्या वेळी सोहमला त्याचा बाप उत्कर्ष सांभाळत असे. देवळात फोन बंद ठेवायचे असत. खांब दगडाचा आणि गार होता. वर्षातल्या त्या सात संध्याकाळी नीरजाला अख्ख्या जगात कुणी हाक मारत नसे. पूर्वरंगाच्या नमनालाच तिचे डोळे मिटायचे, ते आरतीच्या घंटेला आईसाहेबांनी खांदा हलवल्यावरच उघडायचे. एवढ्या वर्षांत तिनं एकाही कथेचा शेवट ऐकला नव्हता. आणि आज त्याबद्दल तिला शाल आणि नारळ मिळणार होता.

ही लाज तिला चार दिवसांपासून खड्यासारखी टोचत होती. तेवढ्यात तिच्या मैत्रिणीचा, राजेश्वरीचा मेसेज आला. सोसायटीतल्या आयांचा एक ग्रुप होता, 'मांजलपूर मम्मीज' नावाचा. राजेश्वरीनं त्यावर लिहिलं होतं, "आज प्रत्येकीनं आपलं एक असं मत सांगा, जे सासरी, माहेरी, शाळेत, कुठेच बोलायची सोय नाही. खरं बोलेल तिला माझ्याकडून सेव-उसळ."

नीरजा बाल्कनीत गेली, वाळत घातलेल्या चादरीच्या मागं उभी राहिली आणि फोन तोंडाशी धरून बोलली. एक मत सांगायचं होतं. तिच्याकडं साठा निघाला. बोलून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की पुढचा डाव ती सोहमकडून चक्क हरली.

संध्याकाळी आईसाहेबांना ॲक्टिव्हावर मागं बसवून नीरजा देवळात पोचली, तेव्हा तिथं गडबड उडाली होती. कीर्तनकार श्रीपतबुवा गादीजवळ उभे होते आणि साउंडवाला हार्दिकभाई तंबोऱ्याच्या पेटीला थापट्या मारत होता. हल्ली तंबोरा वाजवायला माणूस मिळत नाही, म्हणून विजेवर चालणारी ती पेटी असे. आज ती मुकी झाली होती.

"सुराशिवाय मी उभा राहणार नाही," बुवा म्हणाले. वय सत्तरीचं, पण आवाजाबद्दल फार हळवे. रोज सकाळी ज्येष्ठमधाची कांडी चघळत.

"महाराज, मोबाईलमां पण तंबोरा आवे छे," हार्दिकभाई म्हणाला. "कोई बेनना फोनमां हशे."

नीरजाच्या फोनमध्ये होता. सोहमला झोपवायला ती तंबोरा लावत असे. सोहम त्यानं झोपत नसे, ती झोपे. हार्दिकभाईनं तिचा फोन ब्लूटूथवर आपल्या यंत्राला जोडून दिला आणि देऊळभर गोड सूर घुमू लागला.

"छान!" बुवा म्हणाले. "पण फोन इथं नको. नारदाच्या गादीपुढं मोबाईल मला चालणार नाही."

"बेन, फोन तमारी पासे ज राखजो," हार्दिकभाई तिला म्हणाला. "बहु दूर नहीं जता. बस."

नीरजा आपल्या नेहमीच्या खांबाला जाऊन टेकली. मागं दोन खांब होते. दुसऱ्या खांबाला वसुंधराबाईंची सून मोहना टेकली होती. साधी, बुजरी मुलगी, लग्न होऊन आली त्याला फार वर्षं झाली नव्हती, मुलगा नुकताच शाळेत जाऊ लागला होता. तिची आई बडोद्याजवळच्या सावली गावी असे, गुडघ्यांमुळं तिला येता येत नसे, म्हणून मोहना नियम मोडून, हळूच हातात फोन उभा धरून तिला कीर्तन दाखवत होती.

सत्काराच्या धास्तीनं नीरजाला आज झोप आली नाही. पूर्वरंग झाला, बुक्का लावून झाला, बुवांच्या गळ्यात हार पडला, नामाचा गजर झाला आणि उत्तररंगाला बुवांनी यशोदेची कथा लावली. पेटी, तबला, झांजा, आणि त्यांच्या खाली नीरजाच्या मांडीवरच्या फोनातून निघालेला तंबोरा. फार सुरेख रंग भरत होता. जी माणसं जागी होती, त्यांचे डोळे पाणावले होते.

आणि त्याच वेळी नीरजाच्या मनात एक विचार आला. दुपारचं ते बोलणं आपण पाठवलं कुठं? 'मांजलपूर मम्मीज'वर, की त्याच्या लगेच वर असलेल्या 'महिला मंडळ कीर्तनसप्ताह'वर? बोलताना चादर वाऱ्यानं तोंडावर येत होती. बोट नेमकं कुठं पडलं, कोण जाणे!

तिनं पदराआड फोन उघडला. बघते तर बोलणं 'मांजलपूर मम्मीज'वरच होतं. खाली राजेश्वरीचं उत्तरही आलं होतं. नीरजाचा जीव भांड्यात पडला. तिथंच तिनं फोन ठेवून दिला असता, तर ही कथा पुढं गेलीच नसती. पण चोराला आपण कुलूप नीट लावून आलो का, हे बघायला परत जावंसं वाटतं म्हणतात. आपण नक्की काय काय बोललो, कुणाचं नाव तर नाही ना घेतलं, हे एकदा ऐकून घ्यावं असं तिला वाटलं. फोन कानाला लावला की आवाज आपल्यापुरताच राहतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं पदर सावरला, फोन कानाला लावला आणि बटण दाबलं.

इकडं बुवांनी हात उंच केले होते. "...म्हणून सांगतो, जगाला जगाचा कंटाळा येईल, पण आईला लेकराचा कंटाळा—"

तंबोरा थांबला. आणि देवळाच्या चारी कोपऱ्यांतले कर्णे एकदम बोलले, "मला मुलांशी खेळायला मुळीच आवडत नाही गं!"

बुवांचे हात वरच राहिले.

"सापशिडीचा पट पाहिला, की मला वाटतं त्यातला एखादा साप खरा असावा आणि त्यानं मला गिळावं. शाळेच्या प्रोजेक्टमध्ये शनीला कडं मी चिकटवायचं आणि स्टार मिळणार पोराला! मुलांना कंटाळा येऊ द्यावा. कंटाळ्यानं मुलं मरत नाहीत, आया मरतात."

आवाज चांगलाच खणखणीत येतोय, असं नीरजाला वाटलं. नवा फोन घेतल्याचं सार्थक झालं.

"आणि आमच्या सासूबाई! वाटी घेऊन त्याच्या मागं घरभर पळतात. अगं, मांजरीचं पिल्लू तरी असं जेवतं का? भूक लागली की येईल झक मारत. आणि एक शेवटचं, कुणाला सांगू नका हं. मी कीर्तनाला भक्तीनं जात नाही. तिथं मागं खांब आहे, त्याला टेकून मी झोपते. तिथं कुणी आई म्हणून हाका मारत नाही. आणि बुवांचा आवाज झोपेला इतका चांगला आहे म्हणून सांगू..."

इथं नीरजानं मान वर केली. पुढच्या सगळ्या माना मागं वळलेल्या होत्या. तिनं फोन कानावरून काढला. आवाज तेवढाच राहिला. मग कुठं तिला उमगलं, आणि तिनं फोनवर दिसेल तिथं बोट आपटलं. तेवढ्यात खालचं उत्तर आपोआप सुरू झालं आणि राजेश्वरी गाभाऱ्यापासून महाद्वारापर्यंत खदाखदा हसली. नीरजानं पुन्हा बोट आपटलं. हसणं तुटलं आणि जसं काही झालंच नाही, अशा थाटात तंबोरा पुन्हा वाजू लागला.

देवळात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पण टाचणीलाही त्या क्षणी पडायचा धीर झाला नसता.

मग कुजबुज सुरू झाली. त्या सभामंडपात जितक्या सासवा होत्या, त्यांतल्या बहुतेक नातवंडांच्या मागं वाटी घेऊन पळणाऱ्या होत्या. त्यामुळं प्रत्येकीला वाटलं, की ही आपलीच सून. माना पटापट सुनांकडं वळल्या. वसुंधराबाई उठल्या आणि त्यांनी मंडळाचा माईक हातात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर शाळेची काच फोडणारा मुलगा शोधायचा भाव होता.

"हार्दिकभाई, हा कुणाचा फोन?"

हार्दिकभाईला माहीत होतं. त्यानं नीरजाकडं पाहिलं. तिचा चेहरा समईतल्या जळक्या वातीसारखा काळवंडला होता. त्या भल्या माणसाला दया आली. पण दयेपोटी माणूस बोलतो, ते नेहमी विचार करून बोलतोच असं नाही.

"मारो वांक नथी, बेन!" तो म्हणाला. "ब्लूटूथ छे. हवामांथी गमे तेनुं पकडी ले!"

आपला दोष नाही, ब्लूटूथ हवेतून कुणाचंही पकडतं, असं तो म्हटल्यावर वसुंधराबाईंनी हवेत शोध घेतला. सगळ्यांचे फोन पिशव्यांमध्ये होते. फक्त एक फोन हवेत होता. मागच्या खांबाला टेकलेल्या मोहनाच्या हातात.

"मोहना!" माईकमधून नाव आलं. "खांबाला टेकून! फोन हातात! आणि वाटी घेऊन पळते ती मी! बरोबर?"

"आई, मी... मी तर सावलीला आईला दाखवत होते," मोहना चाचरली.

"आईला? म्हणजे हे माहेरीही ऐकू गेलं?"

मोहनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. हातातल्या फोनातून तिच्या आईचा घाबरलेला आवाज येत होता, "मोहना, काय झालं गं? कोण ओरडतंय?"

ऊठ, नीरजा स्वतःला म्हणाली. आत्ताच्या आत्ता ऊठ. पण उठायचं म्हणजे काय, हे तिला लख्ख दिसत होतं. पुढं पाटावर तिच्या सत्काराची शाल घडी घालून ठेवलेली. पहिल्या रांगेत आईसाहेब ताठ बसलेल्या. पागेतल्या घराण्याची सून, वाटी घेऊन पळणारी म्हणून चारचौघांत सुनेकडून अशी उघडी पडणार. आणि बुवा! तेही एवढंसं तोंड करून उभे. कुणाला किती दुखावलं, याची तिला मोजदाद करता येईना. बसून राहिलं तर मोहनाचं जन्माचं वाटोळं, उठलं तर आईसाहेबांचं. देवाच्या दारात इतकी वर्षं ती निवांत झोपली होती; आज जागी राहिली आणि हे झालं.

ती खांबाला धरून कशीबशी अर्धी उठली. "वसुंधराकाकू, तो..."

"बसा, वसुंधराबाई," पहिल्या रांगेतून आवाज आला. आईसाहेब उभ्या राहिल्या होत्या. "पोरीला रडवू नका. तो आवाज माझा आहे."

देऊळ थक्क झालं. मागं वळलेल्या माना पुन्हा पुढं वळल्या. काहींच्या माना त्या रात्री दुखल्या असणार.

"तुमचा?" वसुंधराबाईंच्या हातातला माईक खाली आला. "अहो विजयमालाबाई, तो आवाज तरुण होता!"

"कर्ण्यातून सगळ्यांचाच तरुण येतो."

"त्यात शाळेचं प्रोजेक्ट होतं. शनीचं कडं!"

"उत्कर्षच्या शाळेत होतं ना. पुठ्ठ्याचं कडं मीच कापलं होतं. शनी त्याच्या बापानं हरवला म्हणून बटाटा लावला होता."

"आणि ते सासूबाईंबद्दल? अहो, तुमच्या सासूबाईंना जाऊन किती वर्षं झाली!"

"त्या गेल्या," आईसाहेब शांतपणे म्हणाल्या. "राग थोडाच गेला?"

कुणीतरी फसकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. नीरजाला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मोहनावरचं किटाळ गेलं, पण ते जाऊन बसलं कुणावर! जन्मात खोटं न बोललेली बाई, तीही देवासमोर, आपल्यापायी खोटं बोलत होती. आता मात्र तिचे पाय आपणहून सरळ झाले.

"आईसाहेब मला पाठीशी घालताहेत," ती मोठ्यानं म्हणाली. "आवाज माझा आहे. तंबोरा माझ्या फोनवर लावलाय. मैत्रिणींना सांगितलं होतं, चुकून इथं वाजलं. मोहनाचा काही दोष नाही. आणि काकू, मी ध्यान लावून बसत नाही. मी झोपते. आजवर एकही कीर्तन मी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. ती शाल मला देऊ नका."

एवढं बोलून ती मान खाली घालून उभी राहिली. कानांच्या पाळ्या चटचट जळत होत्या.

"माझा आवाज," गादीवरून बुवा प्रथमच बोलले आणि त्यांचा स्वर जरा कापला, "झोपेला चांगला आहे, असं तूच म्हणालीस?"

"हो, बुवा. चुकलं माझं."

 झांजवाले त्यांच्या तोंडाकडं बघत होते. मग बुवांनी उपरण्यानं कपाळ पुसलं.

"आजवर लोक म्हणाले, बुवा, आवाज पहाडी आहे, बुवा, आवाज खडा आहे. मला बरं वाटायचं. पण अरे, लेकरू जिच्या आवाजानं झोपतं तिला आपण आई म्हणतो. आणि दमलेली आई देवाच्या दारात येऊन ज्या आवाजानं झोपली, तो आवाज काय वाईट म्हणायचा? अंगाई ती अंगाईच की!" लोकांत हलकीशी हालचाल झाली. बुवांना आता सूर सापडला होता. "आणि कथा कुठं होती आपली? यशोदेची. मांडीवर कोण? साक्षात परब्रह्म. आणि चुलीवर काय? दूध. दूध उतू जाऊ लागलं तेव्हा त्या माउलीनं काय केलं? परब्रह्म उचललं, जमिनीवर ठेवलं आणि धावली चुलीकडं! देव रुसला, त्यानं दह्याचं मडकं फोडलं. तर हिनं त्याला धरून उखळाला बांधायला घेतला. आता मला सांगा वसुंधराबाई, यशोदा तुमच्या मंडळात असती, तर तुम्ही तिला शाल दिली असती का?"

सभामंडपात हशा उसळला. वसुंधराबाई हसल्या नाहीत. त्या पाटापाशी गेल्या, शाल उचलली, मागच्या खांबापर्यंत चालत आल्या. नीरजानं डोळे मिटले. पण वसुंधराबाई तिला ओलांडून पुढं गेल्या आणि ती शाल त्यांनी मोहनाच्या खांद्यावर टाकली.

"घे," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "गारठली असशील."

श्रावणातल्या उकाड्यानं बडोदं घामानं निथळत होतं. पण मोहनानं शाल घट्ट लपेटून घेतली आणि हातातला फोन सासूपुढं धरला. "आई, सावलीची आई विचारतेय, झालं का सगळं ठीक?"

"वेवाण, मज्जामां!" वसुंधराबाई फोनमध्ये विहिणीला ओरडून म्हणाल्या. "सगळं ठीक आहे. मी जरा ओरडते, सवय आहे शाळेची."

त्या गोंधळात वेळ गेला, कथा तशीच अर्धी राहिली आणि बुवांनी उरलेली उद्यावर टाकून आरतीला हात घातला.

देऊळ रिकामं झाल्यावर नीरजा आईसाहेबांच्या चपला शोधून घेऊन आली. त्यांच्याकडं वर बघायची तिची छाती नव्हती.

"आईसाहेब, तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात..."

"खोटं?" आईसाहेब म्हणाल्या. "इकडं ये."

त्या तिला मागच्या खांबापाशी घेऊन गेल्या. खांबाच्या दगडावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एक काळसर तेलकट गोल होता. नीरजानं तो कितीदा पाहिला होता.

"हा डाग कशाचा सांग."

"समईच्या तेलाचा म्हणतात."

"खोबरेल आहे ते. माझ्या डोक्याचं." आईसाहेबांनी दगडावरून हात फिरवला. "उत्कर्ष झाल्यावर इथं येऊन बसायचे. घरी सासूबाई, दीर, पाहुणे. दिवसभर हाका. इथं आले की नमन संपायच्या आत झोप. तू आलीस, कीर्तनाला पहिल्याच दिवशी या खांबाकडं वळलीस, तेव्हाच ओळखलं मी. म्हणून तर पुढं जाऊन बसायला लागले. खांब तुला दिला." त्यांनी जरा वाकून बोट दाखवलं. मोठ्या डागाच्या चार बोटं खाली एक फिकट, लहानसा गोल होता. "हा तुझा. अजून मुरायचाय."

नीरजाला हसू आणि रडू एकदमच आलं.

"पण मी ते वाटीबद्दल बोलले..."

"बोललीस ते बोललीस. पण मी काय त्याला जेववायला पळते होय? डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय. मांजलपूरच्या त्या रस्त्यावर गाड्यांमधून कोण चालणार? सोहम बरा, न थकता पळतो." त्यांनी पायांत चपला सरकवल्या. "कंटाळ्याचं म्हणालीस ते मात्र खरं आहे. उद्यापासून तो हरला तर हरू दे. माझा दंडक मी मागं घेतला."

दुसऱ्या दिवशी, सप्ताहाच्या शेवटच्या कीर्तनाला, नीरजा पहिल्या रांगेत जाऊन बसली. लाज अजून उतरली नव्हती. आज डोळ्याला डोळा लागू द्यायचा नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. पेटीचा तंबोरा दुरुस्त होऊन आला होता. तिचा फोन घरी, बंद करून, पिठाच्या डब्यात होता.

बुवांनी कथा जिथं सोडली होती तिथून उचलली. यशोदा बाळाला उखळाला बांधू लागली. दोरी दोन बोटं कमी पडली. तिनं दुसरी जोडली. तरी दोन बोटं कमीच. गोकुळातल्या साऱ्या दोऱ्या आणल्या, सगळ्या गवळणी हसू लागल्या, देव काही मापात येईना. नीरजा पुढं झुकून ऐकत होती. पुढं काय होतं, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

"आणि मग," बुवांचा आवाज खाली आला, "देवानं वर पाहिलं. आईच्या कपाळावर घाम. केस सुटलेले. वेणीतली फुलं गळून पडलेली. देव मनात म्हणाला, अरे, ही दमली. आणि दमली, एवढं दिसल्याबरोबर ज्याला चौदा भुवनांची दोरी पुरली नसती, त्यानं मुकाट्यानं बांधून घेतलं. भक्तीनं नव्हे मंडळी, हिशेबानं तर नव्हेच. आई दमली म्हणून!"

नीरजाच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. एवढी वर्षं हा शेवट आपल्या उशाशी होता आणि आपण झोपलो होतो! हे आईसाहेबांना सांगावं म्हणून तिनं शेजारी पाहिलं. शेजारची जागा रिकामी होती.

तिनं मागं वळून पाहिलं. मागच्या खांबाला, आपल्या जुन्या डागावर बरोबर डोकं ठेवून, आईसाहेब गाढ झोपल्या होत्या. दुसऱ्या खांबाला वसुंधराबाई टेकल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंड किंचित उघडं, आणि अंगावर कालची ती शाल. मोहना जवळ बसून त्यांना हळूहळू वारा घालत होती.

बुवांनीही ते पाहिलं. झांजवाल्यानं आरतीसाठी झांजा उचलल्या होत्या. बुवांनी ओठांवर बोट ठेवून त्याला थांबवलं, घंटेची दोरी हातात धरून ठेवली, आणि आपल्या त्या पहाडी आवाजाला पार कुजबुजीवर आणून सप्ताहाची आरती म्हणायला सुरुवात केली.